वजनाला लावलेला गुलाब

धाकटीला सत्तेचाळिसावं लागलं होतं, तरी घरात तिचं नाव धाकटीच. तिला कुणी एका जागी पाच मिनिटं बसलेलं पाहिलं असेल तर त्यानं हात वर करावा. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि फोन आला की बाईसाहेब घरभर चकरा मारणार. ताई म्हणायची, "अगं, खुर्चीला काय काटे आहेत का?" आणि त्या दिवसांत तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती.

कारणही तसंच होतं. सुगंध बनवणाऱ्या कंपनीत तिचं अर्धं आयुष्य गेलं, पण दुसऱ्यांच्या सुगंधांना मीठमसाला लावण्यात. कुणाचं लिंबू जास्त झालं, ते कमी कर. कुणाचा मोगरा दुपारी कोमेजतो, त्याला टेकू दे. या वेळी मात्र प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "गुलाब हवा. ताजा, आजच्या बाईचा. लग्नाबिग्नाला लावायचा नाही, रोजचा. आंघोळ झाली, केस विंचरले, की हात आपोआप बाटलीकडे गेला पाहिजे. तू एक कर."

आणि हाच हुकूम त्यांनी जावईबापूंनाही दिला होता. हा कुणाचा जावई वगैरे नव्हता हं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेला तरुण सहकारी, पण आल्या दिवसापासून त्याचे असे लाड, खुर्ची ह्याला नवी, खिडकी ह्याला मोठी, की कँटीनवाल्यापासून सगळे त्याला जावईबापू म्हणायला लागले. त्याचा त्याला रागही नव्हता. हसरा, गप्पिष्ट माणूस. वाईट माणूस असता तर धाकटीचं काम सोपं झालं असतं. मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

दोघांचे गुलाब तयार झाले. जावईबापूंचा गुलाब भारदस्त. पाकळ्या मधात मुरलेल्या, त्याखाली चंदनाचं अस्तर. धाकटीचा गुलाब अगदी वेगळा. नुकत्याच तोडलेल्या देठाचा हिरवेपणा, नाशपातीची फोड, मिरीची बारीकशी चिमूट, आणि तळाला धुतलेल्या सुती कपड्याची ऊब. किती दिवस ती त्या मिरीशी भांडत होती! थोडी वाढवली की शिंक, थोडी कमी केली की सगळंच मिळमिळीत. शेवटी एका सकाळी कागदी पट्टी नाकाशी धरली आणि ती एकटीच खुदकन हसली. त्या खोलीत ती हसल्याचं कुणी पाहिलं नाही.

आता निवड कशी व्हायची? मोठ्या बाईंची पद्धत जगावेगळी होती. लोकांना "कसं वाटलं?" विचारलं की लोक "छान छान" म्हणतात, पण त्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास फक्त तराजूवर. बाहेरच्या काही बायकांना दोन-दोन बाटल्या द्यायच्या, एकीवर गोल, एकीवर त्रिकोण, बाकी काही लिहायचं नाही. जी हवी ती लावा म्हणायचं. काही आठवड्यांनी बाटल्या परत मागवायच्या आणि वजनाला लावायच्या. जी हलकी झाली ती जिंकली. तोंडानं काय बोललात ते राहू द्या, हात कुठल्या बाटलीकडे गेला ते बाटली सांगते.

या चाचणीचा एक नियम होता. प्रयोगशाळेतल्या कुणाच्याही घरी बाटल्या द्यायच्या नाहीत. मागे एकदा साबणाच्या चाचणीत कुणाच्या तरी सासूबाईंनी सुनेच्या प्रेमापोटी दिवसातून चार आंघोळी केल्या होत्या, तेव्हापासूनचा नियम. आणि तो नियम कुणी आणला होता? आपल्या धाकटीनं. मीटिंगमध्ये उभं राहून, टेबलावर बोट आपटून.

झालं असं की बाटल्या वाटून झाल्यावर एका बाईंना अचानक परगावी जावं लागलं आणि त्यांची जोडी परत आली. "दुसऱ्या कुणाला तरी द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. धाकटी म्हणाली, "मी देते, आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई आहेत." खालच्या मजल्यावर बाई होत्या, हे खरं. त्यांचं नाव, पत्ता लिहूनही दिला. पण जोडी जिना चढून वर आली ती थेट धाकटीच्या घरी, ताईच्या हातात.

तिला लबाडी करायची होती का? छे! तिला फक्त बघायचं होतं. बाकीच्या बायका कुठे राहतात, सकाळी काय करतात, तिला काय कळणार? ते आठवडे नुसतं वाट बघत काढायचे म्हणजे तिचा जीव गेला असता. एक तरी बाई डोळ्यांसमोर हवी होती. आणि खरं सांगायचं तर तो गुलाब करताना तिच्या मनात सारखी ताईच होती.

ताई तिच्याकडे राहायला आली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. भावजी गेले आणि ताईनं आपलं घर आवरलं, शिवणाचं मशीन तेवढं बरोबर आणलं. पुढच्या खोलीत खिडकीखाली ते मशीन. लोकांच्या पँटी आखूड करायची, चेनी बदलायची, उसवलेलं शिवायची. काम चोख. पण स्वतःकडे बघणं तिनं सोडून दिलं होतं. सकाळचा गाऊन संध्याकाळी अंगावर तसाच. केसांना कंगवा लागला तर लागला. एकेकाळी ही बाई भाजी आणायला जातानासुद्धा टिकली सरळ आहे ना म्हणून तीनदा आरशात बघायची. धाकटीला हे बघवायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती. बोललं की ताई म्हणायची, "कोणासाठी नटू?"

तर त्या संध्याकाळी धाकटीनं बाटल्या मशीनवर ठेवल्या. "ऑफिसचं आहे. जी आवडेल ती लाव. नाही लावलंस तरी चालेल." इथवर ठीक होतं. इथं तिनं जीभ आवरायची. पण नाही! दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "यातली एक माझी आहे. कोणती ते सांगणार नाही."

ताईनं चष्म्यावरून बघितलं, "बरं," म्हणाली आणि दोरा ओवायला लागली.

पहिले काही दिवस काहीच नाही. बाटल्या मशीनवर दोऱ्यांच्या रिळांशेजारी तशाच. धाकटी सकाळी उठली की काहीतरी शोधण्याचं निमित्त करून पुढच्या खोलीत जायची आणि नाक उंच करायची. सुगंधाचं काम करणारी माणसं स्वतः काही लावत नाहीत, घरात उदबत्तीसुद्धा नाही, त्यामुळे तिचं नाक सकाळी कोऱ्या पाटीसारखं. वास यायचा तो मशीनच्या तेलाचा, इस्त्रीच्या वाफेचा, ताईच्या चहाचा. "काय शोधतेयस?" ताई विचारायची. "कात्री." "तुझ्या हातात आहे."

आणि मग एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. हिरवं देठ. नाशपाती. मिरी. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या मानेपाशी धाकटीचा गुलाब होता! धाकटीनं दाराची चौकट घट्ट धरली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडली असती तर चाचणीची वाट लागली असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात ताईनं गाऊन बदलून साधी का होईना, पण साडी नेसली. मग एक दिवस केसांचा नीट अंबाडा. मग गिऱ्हाइकाशी बोलताना एकदा मोठ्यानं हसणं ऐकू आलं. त्रिकोणाच्या बाटलीचा, म्हणजे जावईबापूंच्या गुलाबाचा वास धाकटीला ताईच्या अंगाला एकदाही आला नाही. एकदाही!

ती सुखानं वेडी झाली होती. आणि बोलता येत नसल्यामुळे जास्तच वेडी. रात्री कूस बदलत राहायची, सकाळी पाच मिनिटांत तीन खोल्या फिरायची. ताई म्हणाली, "तुला एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

ठरलेल्या दिवशी कंपनीची गाडी पत्त्यापत्त्यावर जाऊन बाटल्या गोळा करणार होती. धाकटीनं निघताना ताईला सांगितलं, "दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून खालच्या काकूंकडे दे. ड्रायव्हर घेऊन जाईल." बाटल्यांकडे तिनं मुद्दाम बघितलंही नाही. बघायचंच काय त्यात?

दुपारी प्रयोगशाळेत तराजू मांडला. मोठ्या बाई एकेक जोडी उचलणार, वजन करणार, "गोल" किंवा "त्रिकोण" म्हणणार. गोल म्हणजे धाकटी, त्रिकोण म्हणजे जावईबापू. गोल. त्रिकोण. त्रिकोण. गोल. जावईबापू खुर्चीत बसल्या बसल्या नखं खात होते. धाकटी अर्थातच उभी. कधी हा पुढे, कधी ती पुढे, आणि शेवटची जोडी उरली तेव्हा दोघं बरोबरीत.

कागदावरची घडी धाकटीनं ओळखली. ताई कापडाची घालते तशी, कोपऱ्याला कोपरा. त्या क्षणी तिच्या अंगातली भिंगरी थांबली. ती चक्क खुर्चीवर बसली. माझं झालं, तिला वाटलं. मी जिंकले.

मोठ्या बाईंनी कागद उलगडला. गोलाची बाटली अर्धी झाली होती. त्रिकोणाची बाटली जवळजवळ रिकामी, तळाला चमचाभर.

"ह्या बाईनं आंघोळच केली की काय!" मोठ्या बाई म्हणाल्या. "त्रिकोण."

टाळ्या वाजल्या. जावईबापू उडी मारून उठले. "ही बाई मला दाखवा हो, मी तिच्या पाया पडतो!" सगळे हसले. धाकटीनं त्यांचा हात हातात घेतला, अभिनंदन म्हणाली, तिचा आवाज तिलाच कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटला. मग डोकं दुखतंय सांगून ती बाहेर पडली.

हरल्याचं दुःख झालं का? झालं की. पण त्याच्याही आधी तिला भीतीनं गाठलं होतं. ती रोज सकाळी जो वास घेत होती तो मग कशाचा होता? ताईच्या अंगाला त्रिकोण होता आणि तिला गोल येत होता? म्हणजे नाक गेलं. म्हणजे जे हवंसं होतं तेच ती हुंगत राहिली. अशा गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. म्हातारपणी एखाद्याचं नाक त्याला फसवायला लागतं, सगळ्यांना कळतं, त्याला एकट्याला कळत नाही, आणि मग लोक त्याच्या पाठीमागे हळू आवाजात बोलतात. सत्तेचाळीस हे काय वय आहे? आणि या नाकाशिवाय तिच्याजवळ होतं काय दुसरं?

बस न पकडता ती चालत सुटली आणि वाटेत वेड्यासारखी हुंगत राहिली. बेकरीचं दार उघडलं: लोणी, जरा करपलेलं. बरोबर. गॅरेज: ग्रीस, रबर. बरोबर. समोरून गेलेल्या माणसाच्या डोक्याचं तेल, बदामाचं. की खोबऱ्याचं? ती वळून त्या माणसाच्या मागे चार पावलं गेली. त्यानं चमकून बघितलं. "काही हवंय का?" "नाही, नाही." ओशाळून ती पुढे पळाली. बदामाचंच होतं. बहुतेक. त्या एका बहुतेकनं तिला घरापर्यंत पोखरलं.

घरी ताई मशीनवर होती. "लवकर आलीस? काय झालं? जिंकलीस ना?" एवढं उत्सुक तोंड करून विचारलं तिनं, की धाकटीला उत्तर देववेना. "तोंड धुऊन येते," म्हणून ती न्हाणीघरात शिरली, बेसिनवर वाकली, नळ सोडला.

आणि बेसिनच्या भोकातून मध वर आला. मध, मुरलेल्या पाकळ्या आणि त्यामागून जाडजूड चंदन. थेंबभर नव्हे, बाटलीभर.

तिनं नळ बंद केला. पुन्हा वाकून वास घेतला. नाक धडधाकट होतं. नाक एकदम बरोबर होतं! ती तिथंच पालथ्या बादलीवर बसली. मग दुसरा विचार आला आणि ती ताडकन उठली.

"ताई! त्रिकोणाची बाटली तू बेसिनमध्ये ओतलीस?"

मशीन थांबलं. ताई दारात आली. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा तिचा चेहरा झाला होता. "पाणी तर पुष्कळ सोडलं होतं," ती म्हणाली. "तुझं नाक म्हणजे ना..."

"का ओतलीस?"

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, एक तुझी आहे. ती त्रिकोणाची मी एकदा हुंगून जी ठेवली ती ठेवलीच. मला ती पहिली, गोलाचीच आवडली. रोज तीच लावत होते आणि रोज मनाला खात होतं, की बहिणीची ठेवून मी परक्याची लावतेय. आज सकाळी परत द्यायच्या म्हटल्यावर धस्स झालं. वजन करतात हे तूच मला जेवताना शंभरदा सांगितलंयस. तुझी भरलेली बाटली परत पाठवू? तुझं तोंड कसं झालं असतं! म्हणून ओतली. तळाला थोडी ठेवली, खरी वाटावी म्हणून." तिनं धाकटीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "काय झालं गं? हरलीस?"

"ती माझी नव्हती."

"म्हणजे?"

"तू लावत होतीस ती माझी."

ताईनं दाराला टेकून तोंडावर हात ठेवला. "अगं बाई गं. मीच हरवलं तुला."

धाकटीला तिच्यावर चिडता येईना, आणि चिडल्याशिवाय राहवेनाही. "पण तुला वाटलंच कसं की तो जड गुलाब माझा म्हणून? कशावरून?"

ताईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "खरं सांगू? रागावशील."

"सांग."

"ती पहिली आहे ना, ती हसरी आहे. लावली की उगाच बरं वाटतं. आणि तू... तू कामाची आहेस, जीव लावणारी आहेस, पण हसरी? मी तुला शेवटचं मोकळं हसताना कधी पाहिलं, मला आठवत नाही. मला वाटलं, हे एवढं हलकं तुझ्या हातून व्हायचं नाही."

हे मात्र धाकटीला लागलं. हरण्यापेक्षा जास्त लागलं. सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली, तिनं असं म्हणावं! ती पुढच्या खोलीत गेली, मागे आली, पुन्हा गेली. खिडकी उघडली, लावली. "मला हसता येत नाही, असं वाटतं तुला? वर्षभर तू या खुर्चीत मढ्यासारखी बसली होतीस, ताई. मी कुणाच्या जीवावर हसू?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती म्हणाली, "खरं आहे."

मग धाकटीनं फोन उचलला.

"कुणाला करतेस?"

"मोठ्या बाईंना."

"अगं, उगाच का स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? तसंही हरलीसच ना?"

"हरायचं तर खऱ्यानं हरायचं. असं नाही." आणि मनाच्या कोपऱ्यात तिला आशाही होती, ती कशाला लपवायची? जोडी बाद झाली तर बरोबरी होती.

तिनं सगळं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाई, ताई, बेसिन.

"घरच्यांना बाटल्या द्यायच्या नाहीत, हा नियम कुणाचा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझा."

"जोडी बाद केली तर बरोबरी होते. बरोबरीत मी नियम मोडणाऱ्याचा गुलाब बाजारात पाठवू?"

धाकटीनं डोळे मिटले. "नाही."

"त्याचाच जाईल. तुझा बंद. पुन्हा त्यावर बोलणं नाही." मग म्हणाल्या, "नाक शाबूत आहे ना? मग उद्या वेळेवर ये."

फोन ठेवून धाकटी भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडू आलंच. हमसून हमसून आलं. ताई तिच्याजवळ येऊन बसली, गुडघे धरून, हळूहळू. मांडीवर तिचं डोकं ओढून घेतलं आणि लहानपणी थोपटायची तसं थोपटत राहिली. तिच्या मनगटाला तो गुलाब अजून होता, सकाळचा, दुपार उलटून गेली तरी ताजा.

"म्हणजे तो आता दुकानात मिळायचा नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही, ताई. बंद झाला तो."

थोपटणारा हात थांबला. ताई घाबरल्यासारखी तिच्याकडे बघत होती. "मग मी काय लावू?"

धाकटीनं डोकं वर उचललं. ताई थट्टा करत नव्हती. सांत्वनही करत नव्हती. तिला खरंच काळजी पडली होती.

"मी करून देईन," धाकटी म्हणाली. "तुझ्यापुरता."

"रोज लागेल हं मला," ताई म्हणाली.